आपल्या माणसाची गाडी

सुरत, १ मार्च

बाबा,

वर तीर्थरूप लिहिलं नाही आणि जय भीमही लिहिला नाही. तीर्थरूप लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाले असते, आठवीतून पळालेल्याले हे कोणं शिकवलं. जय भीम काहून लिहिला नाही ते आज सांगत नाही. फोन तुम्ही उचलत नाही, आणि वैष्णवीच्या फोनवर मी बोलाले लागलो की तुम्ही चपला घालून ओट्यावरून उतरता. म्हणून कागद. कागद फाडाचा असला तरी हातात घ्यावाच लागते.

वैष्णवी म्हणते, गायन पार्टीसाठी गाडी घ्यायचं ठरलं. सात सीटर, जुनी, पण भरवशाची. एप्रिलभर जयंतीचे कार्यक्रम, आणि मागल्या साली भाड्याच्या गाडीवाल्यानं तुम्हाले पेटी-ढोलकासहित आर्णीच्या फाट्यावर उतरवून देल्लं, ते मीही ऐकलं. घ्या. मी काही नाही म्हणून नाही राह्यलो. तुम्ही मले पार्टीतून काढलं त्याचं या कागदात काही नाही. माह्या जागी आता रोशन ढोलक वाजवते म्हणे. वाजवू द्या.

पण जुन्या गाडीतलं मले समजते आणि तुम्हाले समजत नाही. मी इथं जुन्या गाड्यांच्या यार्डात आहे. टायरचं काम पाहतो. फक्त टायरचं. बाकीचे लोक काय करतात ते डोळ्याले दिसते एवढंच, आणि ते पाहून दुपारचा डबा उघडाची इच्छा राहत नाही.

इथं पुरात बुडालेल्या गाड्या येतात. विमावाल्यांनी सोडून देल्लेल्या. ट्रकवरून उतरवून दार उघडलं की आधी चिखल पडते, मग वास येते. मेलेल्या उंदरावर अत्तर ओतावं तसा वास. थंड हवेच्या जाळीत वाळलेलं बेडूक निघते. एका पांढऱ्या गाडीच्या सीटखाली लेकराचा बूट निघाला, एकच, त्याची लेस बांधलेली होती. त्याच गाडीले मग नवीन कव्हर, नवीन चटई, टायरवर काळी चमक, आणि आतून फवारा मारला की नव्या गाडीचा वास. किती किलोमीटर चालली तो आकडा लॅपटॉप लावून मागं नेतात, पोट्टं घड्याळाचे काटे फिरवते तसा. मग गिऱ्हाईक येते, बायको-लेकरं घेऊन, आणि बोनेटवरून हात फिरवते, गाय घ्याले आल्यासारखा. मले विकणाऱ्याची शिसारी येतेच, पण खरं सांगू का, त्या हात फिरवणाऱ्याचीही येते.

म्हणून मी सांगतो तसं करा. सकाळी जा, उन्हात पाहा. संध्याकाळच्या लाइटखाली सगळ्याच गाड्या नवरीवाणी दिसतात. गेल्याबरोबर बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा, तुम्ही यायच्या आधीच त्यानं चालू करून ठेवली, कारण इंजिन थंड असलं की ती लवकर उठत नाही. सीटचा पट्टा ओढा, पार शेवटपर्यंत ओढा. वरचा पट्टा सगळे धुतात, आत गुंडाळलेला कोणी धुवत नाही. तिथं चिखलाची रेघ दिसली तर चहा न पिता उठा. चटई उचलून सीटचे बोल्ट पाहा, गंजले असले तरी उठा. आपल्या फुटक्या भोंग्यातलं चुंबक काढा, फडक्यात गुंडाळा आणि पत्र्यावरून फिरवा. जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नाही, लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारला आहे. ब्रेक दाबून धरा. पाय हळूहळू खाली जाऊन राह्यला तर ती गाडी फुकटही नोको. आणि दारव्ह्याचा एखादा मिस्त्री सोबत न्या, त्याले खालून पाहू द्या. विकणारा नाही म्हणला तर तेच उत्तर समजा.

गोड बोलला तर जास्त पाहा.

आईले सांगा, मी जेवतो.

संघदीप

सुरत, १७ मार्च

बाबा,

वैष्णवीनं फोटो पाठवले. विहारासमोर गाडी, गाडीले हार, तुम्ही पांढऱ्या सदऱ्यात, आणि रोशन स्टेअरिंगवर हात ठेवून असा उभा की जसं त्यानंच ती जन्माले घातली. मी मागची काच मोठी करून पाह्यली. मग डाव्या दाराचं हँडल पाह्यलं. त्यावर सिगारेटनं पोळल्यासारखा डाग आहे. तो डाग मी ओळखतो.

ती गाडी मी धुतली आहे. टायरचं काम पाहतो म्हणून लिहिलं ते खोटं होतं. मी सीट काढतो, चिखल खरडतो, ब्रशनं आतला पत्रा घासतो आणि जिथं घासून जात नाही तिथं काळा रंग मारतो. तो लेकराचा बूट याच गाडीतला.

आणि मागच्या काचेवर निळ्या अक्षरात जे जय भीम लिहिलं आहे, ज्याच्या खाली उभं राहून तुम्ही फोटो काढला, ते मी लावलं.

इथं शेठच्या खोलीत एक कपाट आहे. त्यात काचेवर चिकटवाच्या नावांचे गठ्ठे आहेत. गाडी ज्या भागात जाणार तिथलं नाव. तांड्यांकडं जाणार असली तर जय सेवालाल. दुसरीकडं दुसरं. आपल्याकडं निळं. शेठ म्हणते, नाव आपलं दिसलं की माणूस बोनेट उघडत नाही. मी फडक्यानं हवा काढून काढून लावलं, वाकडं होऊ नये म्हणून. त्या दिवसापासून जय भीम म्हणायले तोंड उघडत नाही माह्यं. यार्डात आपले दोन पोरं आहेत, ते जय भीम घालतात, मी नुसती मान हलवतो. कागदावर तर हातच अडते. हे कारण होतं.

लोहाऱ्याच्या पुढं दारव्हा रोडवर गाडी घेताना काय झालं ते वैष्णवीनं मले सगळं सांगतलं. तिच्यावर चिडू नका. तुम्ही गाड्यांच्या लाइनीत पाय ठेवला आणि तो कपिल नावाचा पोरगा धावत आला.

"जय भीम दादा. धर्मपाल दादाच ना तुम्ही? आर्णीले तुमचा आवाज ऐकलता. अंगावर काटा आलता, खरं सांगतो."

तुम्ही तिथंच विकले गेले, गाडी नंतर विकली. आर्णीचं त्याले कोणं सांगतलं माहीत आहे का? रोशन बाहेर तंबाखूचा खर्रा घोटत उभा होता. त्याले विचारून आला तो, हे कोण, कुठं गातात. रोशननंच हे वैष्णवीले हासत सांगतलं.

वैष्णवी म्हणे, "बाबा, चुंबक आणलं मी. बोनेटही उघडून पाहू का?"

आणि तुम्ही म्हणाले, "ठेव ते चुंबक. आपल्या माणसानं जय भीम घातल्यावर त्याच्या गाडीले चुंबक लावते का कोणी? उद्या त्याच्या चुलीत डोकावून पाहशील, काय शिजलं म्हणून."

आधीचा मालक कोण, तर म्हणे आपल्याच समाजाचे बँकेतले साहेब, वर्षातून एकदा दीक्षाभूमीले जायले काढत गाडी. तुम्ही मान डोलावली. कागदावर त्या साहेबाचं नाव पाह्यलं का? कागद तर आरटीओत आहेत म्हणे. बाबा, असा कोणता साहेब जन्माले आला जो गाडी घेते आणि वर्षभर पुसून ठेवते?

गाडी आजच परत करा. तोपर्यंत तिच्यात कोणी बसू नका. ब्रेकच्या नळ्या गंजलेल्या आहेत, वरून दिसत नाही कारण रंग मी मारला. वायरींवर हिरवी बुरशी आहे. समोरच्या सीटपुढं टक्कर झाली की फुगते ती पिशवी नाही, नुसतं झाकण आहे. पुढं वैष्णवी बसते ना?

संघदीप

सुरत, ३० मार्च

बाबा,

तुमचा निरोप भेटला. वैष्णवीनं जशाच्या तसा सांगतला. "त्याले म्हणा, दुसऱ्याचं चांगलं पाहून पोटात दुखत असंल तर ओवा खाय."

ओवा खाल्ला. दुखणं गेलं नाही.

दुसरंही सांगतलं तिनं, जे तुम्ही जेवताना आईले म्हणाले. "विहारात सगळ्यांसमोर मी उभं राहून बोललो, आपल्या माणसानं आपल्याले गाडी देल्ली, आता आपली पार्टी कोणाच्या दारात उभी राहणार नाही. बायांनी गाडीले ओवाळलं. आता परत नेऊन काय सांगू? आपल्या माणसानं फसवलं म्हणून? हे माह्या तोंडून निघणार नाही."

मी त्या आपल्या माणसाले फोन केलता. ऐका.

"कपिल बोलता का?"

"कोणत्या गावचा कपिल पाह्यजे?"

"बोरी अरबच्या गायन पार्टीले पांढरी गाडी विकली तो."

"हाव, मीच तो. जय भीम दादा, बोला."

"मी सुरतच्या यार्डातून बोलून राह्यलो. संघदीप. धुलाईवाला."

त्याचा आवाज लगेच बदलला. "मग आधी सांग ना बे. कायले माह्यी साखर वाया घालवतो."

म्हणलं, ती गाडी माह्या बापाले विकली तू. तो हासला नाही, खोटं कायले सांगू. म्हणे, "पेटीवाले ते? गोड माणूस आहे राजा. बसल्या बसल्या मले एक गाणं ऐकवलं त्यायनं." मग म्हणे, "पण परत नाही होत. शेठले विचारून पाह्य."

"तुह्यं खरं नाव काय आहे?"

"ज्या गावात गाडी नेली त्या गावचं. पुसदकडं तांड्यात मले संजय म्हणतात. तिथं जय सेवालाल म्हणलं की तेही बोनेट उघडत नाही. तुह्या एकट्याचाच बाप भोळा आहे असं समजू नको."

बाबा, त्यानं मले धीर देल्ला. समजते का तुम्हाले? ज्यानं तुमचा गळा कापला तो मले धीर देऊन राह्यलता, आणि मले एक घडीभर बरंही वाटलं. थू.

मग मी शेठकडं गेलो. शेठ बशीत चहा ओतून पीत होता. सगळं ऐकलं आणि म्हणे, "तेरे बाप के लिए था तो पहले बोलना था ना, अच्छावाला दे देते." म्हणजे चांगल्या गाड्या आहेत यार्डात. त्या घरच्या लोकांसाठी. बुडालेल्या दुसऱ्यांच्या बापांसाठी. त्याले वाटलं, आपण मोठी माया दाखवली. मलेही पह्यले हेच आलं मनात, की अरे, आधी सांगतलं असतं तर. मग मनात आलं की माह्या बापाऐवजी ती फुलसावंगीच्या नाहीतर नेरच्या कोणाच्या बापाले गेली असती, आणि मी निवांत झोपलो असतो. तेव्हापासून स्वतःच्या हाताचा वास येते मले. साबणानं धुतो, तरी येते.

आता मुद्द्याचं. दारव्ह्याहून येताना ब्रेक खाली गेला आणि रोशननं गाडी बाभळीत घातली, हे मले समजलं. तुम्ही म्हणाले, नवीन गाडी आहे, पायाले सवय व्हाची आहे. बाबा, पायाले कोणतीच सवय होत नसते. मिस्त्रीनं नळ्या बदलून देल्ल्या म्हणे. नळ्या नवीन आल्या, पण त्या ज्या ढाच्याले बांधायच्या तोच खालून गळला आहे. धुताना माह्या हातात स्क्रूचा पेचकस होता, तो त्यात आरपार गेला. मिस्त्रीनं ढाचा न पाहताच नळ्या बदलल्या असतील, कारण त्यालेही तुम्ही आपल्या माणसाची गाडी म्हणून सांगतलं असंल.

फुलसावंगीचा कार्यक्रम बारा तारखेले आहे. तिथवर घाट आहे, वळणं आहेत, आणि तुम्ही पेट्या-भोंगे घेऊन सातांच्या जागी नऊ जण बसणार. समाजासाठी जीव द्याचा तर मोर्च्यात द्या. एका स्टिकरसाठी देऊ नका. ते स्टिकर मी लावलं आहे, त्याच्यामागं कोणताच माणूस नाही, ना आपला ना दुसऱ्याचा.

तुम्हाले मी खोटा वाटतो तर एक करा. कोणालेही न सांगता जा, मागच्या सीटवर बसा आणि पट्टा शेवटपर्यंत ओढा. बस. मग मले शिव्या द्या.

संघदीप

सुरत, ५ एप्रिल

बाबा,

वैष्णवीचा फोन आलता. तुम्ही पट्टा ओढला. तिनं खिडकीतून पाह्यलं. म्हणे, बाबा लय वेळ तसेच बसून होते, पट्टा हातात धरून, मग तो त्यायनं हळूच आत सोडला, सदऱ्याले हात पुसले आणि घरात येऊन पेटीचे सूर लावत बसले. ती म्हणाली, बाबा, काय दिसलं? तर तुम्ही म्हणाले, "काही नाही. चांगली आहे. बारा तारखेले सकाळी निघू."

हे ऐकून मले तुमचाही राग येऊन राह्यला नाही आता. नुसती घाण वाटते, सगळ्याची. तुम्हाले माहीत आहे आणि तुम्ही बसणार आहात. माह्या बहिणीले पुढं बसवणार आहात. चारचौघात एक वाक्य मागं घेता येत नाही म्हणून.

ठीक आहे. तुमच्याच्यानं होत नाही ते समजलं मले.

संघदीप

दारव्हा, १० एप्रिल

बाबा,

हा कागद पोस्टात टाकत नाही. शेजारच्या शीलाकाकूचा पोरगा इथं भेटला, त्याच्याजवळ देऊन राह्यलो, रात्रीपर्यंत तुमच्या हातात पडंल.

गाडी मी नेली. तुम्ही सगळे दुपारी विहारात सराव करून राह्यलते तेव्हा. चावी दारामागच्या खिळ्यावर होती, तिथून घेतली. आई घरात नव्हती. तिले काही विचारू नका, तिले काहीच माहीत नाही. भरल्या वांग्यात मीठ जरा जास्त झालं, पण चांगली झाली भाजी.

विहारावरून जाताना गाडी पह्यल्या गिअरमध्ये ठेवली. दुसरा टाकाची छातीच नव्हती. आतून वैष्णवीचा आवाज येत होता. मले वाटलं कोणीतरी बाहेर येईल, पण गाताना तुम्ही कोणाले बाहेर जाऊ देत नाही, तेच कामी आलं. बोरीच्या पुलावर ब्रेक दाबला तर नवीन नळ्या असूनही पाय पार तळाले गेला. हँडब्रेक ओढत ओढत आणली. मागून ट्रकवाला शिव्या देत होता, त्याले म्हणलं, घाल वरून, सुटका होईल. नाही घातली.

दारव्ह्याच्या पुढं एका भंगारवाल्याजवळ उभी केली. तो म्हणे, "चालू गाडी कायले तोडतो बे? माह्याजवळ दोन गिऱ्हाईकं आहेत, उद्या उचलतील." म्हणलं, आताच कापाची, माह्यासमोर, मधातून. मले वेडा समजला तो. मागची काच मी आधी काढून घेतली, त्या नावावर गॅसचा जाळ नोको होता मले. ब्लेडनं नाव खरडून काढलं आणि काच त्याले परत देल्ली. मग त्यानं कापली. सीटचा फोम पेटला तेव्हा धुराले चिखलाचा वास आला. एवढं धुऊनही. दोन तुकडे झाल्यावर मी निघालो. भंगाराचं जे आलं ते याच पाकिटात आहे, गाडीसाठी ज्यायनं वर्गणी देल्ली त्यायले द्या, कमी पडंल, ते मी पाठवत जाईन. सुरतचं काम सोडलं. दुसरं पाहतो.

आता लोकांले काय सांगाचं ते सांगतो, कारण तुम्ही त्याच्यातच मराल. आपल्या माणसानं फसवलं असं सांगू नका, ते तुमच्या तोंडून निघत नाही. सांगा, गाडी चांगली होती, पण पोरगा आला आणि चोरून विकून खाल्ली. गाव एका झटक्यात मानंल. आठवीतून पळालेला, चार ठिकाणी काम सोडलेला, बापानं पार्टीतून हाकललेला. याचं बोनेट कोणी उघडून पाहणार नाही.

फुलसावंगीले एस.टी.नं जा. सकाळची पुसदची गाडी पकडा, तिथून दुसरी भेटते. पेटी मांडीवर घ्या, टपावर टाकू नका. रोशनले म्हणा, वैष्णवी वर जाते तिथं हात सैल सोड, तिच्या मागं धावू नको, ती येते परत समेवर. आज रस्त्यावरून ऐकलं मी.

आणि उद्या ठाण्यात जाऊन रीतसर तक्रार द्या. नुसतं तोंडी सांगतलं तर लोक म्हणतील, बापानं पोराले झाकलं. शिपायाले नाव घाईघाईत लिहू देऊ नका, पूर्ण लिहाले लावा. संघदीप धर्मपाल मुनेश्वर. मधलं नाव गाळू नका.